वर्ग दोन, पायऱ्या पाडल्यास

सर लाच घेत नसत. हे आधीच सांगून टाकते, कारण त्यांच्याबद्दल चांगलं सांगण्यासारखं एवढंच आहे आणि पुढचं सगळं नुकसान त्यातूनच झालं.

महाड आणि पोलादपूर तालुक्यांत भाताचं आणि नाचणीचं क्षेत्र वाढवायचं, त्यासाठी कुठली जमीन लायक आहे ते बघून यादी करायची, असं एक काम निघालं होतं. ओस पडलेली भाताची खाचरं, डोंगरउतारावरची हलकी वरकस जमीन, नदीकाठचे तुकडे, सगळं पायाखाली घालायचं आणि प्रत्येक तुकड्याला एक ते चार यांपैकी एक वर्ग द्यायचा. एक म्हणजे उत्तम, चार म्हणजे नाद सोडा. सर माती तपासण्यातच नोकरी करून निवृत्त झालेले, त्यांना तज्ज्ञ म्हणून परत बोलावलं होतं. मी महाडची, शेतीची पदविका घेतलेली, कंत्राटावर त्यांची मदतनीस. वर्ग त्यांनी सांगायचा आणि टॅबमध्ये मी भरायचा, अशी वाटणी होती. जमिनीत फिरवून खालची माती वर काढायचं लोखंडी गिरमिट असतं, तेही मीच वाहायची. ते वाटणीत नव्हतं, पण त्यांनी पहिल्या दिवशी ते माझ्या हातात दिलं आणि पुन्हा कधी मागितलं नाही.

ते घाटावरचे. एप्रिलच्या उकाड्यातसुद्धा पांढरा शर्ट गळ्यापर्यंत बंद, पँटच्या पायांना सायकलवाल्यांसारख्या क्लिपा, आणि सायकल नाही. भाताचं क्षेत्र वाढवायला आलेला हा माणूस भात खात नसे. "भाताने डोकं जड होतं, वर्ग चुकतो," असं ते भातावर जगणाऱ्या माणसांच्या ओसरीसमोर उभं राहून सांगायचे. चार पोळ्या आणि कोरडी भाजी डब्यात घेऊन यायचे आणि आंब्याखाली पाठ फिरवून जेवायचे.

मातीचा रंग ठरवायला त्यांच्याकडे एक वही होती. पानोपानी रंगाचे छोटे तुकडे चिकटवलेले, त्यांच्याशी माती ताडून बघायची आणि आकडा सांगायचा. खरं तर कामाचीच वस्तू. पण ती वही ते देवाच्या पोथीसारखी प्लास्टिकमध्ये गुंडाळून ठेवायचे आणि मला हात लावू द्यायचे नाहीत. एकदा महाडच्या खानावळीत त्यांनी ती वही आमटीच्या वाटीला लावली. बराच वेळ पान उलटत राहिले. मग मालकाला बोलावून म्हणाले, "हा रंग डाळीचा नाही, हळदीचा आहे. डाळ कमी घालता तुम्ही." मालक माझ्या ओळखीचा. मी ताटात बघत बसले. आमटी खरंच पातळ होती, पण ते सांगायला वही लागत नाही.

शेतकऱ्यांशी बोलायची त्यांची एक पद्धत होती. बोलायचंच नाही. वाडीत शिरलं की माणसं जमायची, कुणीतरी सांगू लागायचं, "सायेब, ह्या कोपऱ्यात ना, पानी जाम साचतं." सर हात वर करून त्याला थांबवायचे. माती किती चिकण आहे ते बघायला तिची ओली गोळी अंगठ्याने दाबत पट्टी काढत राहायचे आणि पट्टी तुटेपर्यंत कुणाकडे बघायचे नाहीत. परत येताना गाडीत मला समजवायचे, "शेतकरी जमिनीबद्दल बोलतो ना, तेव्हा तो स्वतःबद्दल बोलत असतो. त्याचा बाप, त्याचा भाऊ, त्याचं दुखणं. यात जमीन कुठे असते? जमिनीला विचारायचं असेल तर जमिनीलाच विचारा." हे वाक्य मी तेव्हा डायरीत लिहून ठेवलं होतं. मला ते फार खोल वाटलं होतं. मी चोवीस वर्षांची होते, एवढीच सबब देते.

चहाचाही नियम होता. कुणाच्या घरचा चहा नाही, पाणी नाही, काकडीची फोड नाही. आपल्याकडे दारात आलेल्याला पाण्याचा तांब्या देतात, तो देणाऱ्याच्या हातात तसाच राहायचा. "आज चहा घेतला तर उद्या वर्ग मागतील." मलाही घेऊ द्यायचे नाहीत. एका घरी म्हातारीने माझ्यासाठी कोकमाचं सरबत केलं होतं. मी नको म्हटलं तेव्हा ती म्हणाली, "का गो, आमच्यात काय वाईट हाय?" सर तोवर पुढे निघून गेले होते. असले प्रश्न त्यांच्यापर्यंत पोचायचेच नाहीत.

आता वीरची गोष्ट सांगते, कारण तिच्यामुळे मी पुढे दोन वर्षं आंधळी झाले.

वीर स्टेशनच्या रस्त्याला लागून एकाची भाताची खाचरं होती. जमीन अशी, की नुसती बघितली तरी भूक लागावी. मालकाला ती गोदामांसाठी विकायची होती. आमच्या यादीत ती 'अयोग्य' लागली तर पुढे बिनशेतीच्या अर्जाला आधार होईल, असा त्याचा बेत. आम्ही पोचलो तेव्हा शेतभर दगड पसरलेले. मालक स्वतः छत्री धरून उभा.

"बघा सर, काय पिकणार हिथं? आजोबांपासून दगडच काढतोय आम्ही."

सरांनी एक दगड उचलला, उलटा केला, नखाने खरवडला. मग म्हणाले, "हा दगड इथला नाही. खाणीतला आहे. आठवड्यापूर्वी ट्रकने आला असावा, खालचं गवत अजून हिरवं आहे."

मालक हसला. म्हणाला, घरी जेवून चला, कोंबडी केलीय, मग बोलू. सर म्हणाले, "वर्ग एक." मी टॅबमध्ये भरलं. मालकाचं हसू चेहऱ्यावर तसंच राहिलं, फक्त डोळे बदलले.

त्यानंतर फोन सुरू झाले. आधी मालकाचे, मग मालकाच्या माणसांचे, मग आमच्याच वरच्या साहेबांचे. साहेब म्हणाले, जरा पुन्हा बघून या ना, काय बिघडतं. सर म्हणाले, "मातीचा फोन आला तर पुन्हा बघतो." आणि फोन ठेवला. मी समोर बसले होते. घरी जाऊन आईला सांगितलं, असा माणूस मी बघितला नाही.

जो विकला जात नाही तो बरोबरच असतो, असं मी त्या दिवशी धरून चालले. ही चूक त्यांची नव्हती, माझी. पण असं धरून चालणारं कुणीतरी शेजारी असावं याची त्यांना सवय झाली होती, हेही खरं.

पोलादपूरच्या वरच्या अंगाला एक वाडी आहे. बारा-चौदा घरं, त्यांतली निम्मी बंद. माणसं मुंबईला, गणपतीला आणि शिमग्याला कुलपं उघडतात. जे मागे राहिलेत ते खाली ओढ्याकाठच्या खाचरांत भात लावतात आणि वर उतारावर नाचणी. तिथल्या एका आजींचा उतार सगळ्यात मोठा. वय सत्तरीच्या पुढे, दोन मुलगे घाटकोपरला, आणि ही बाई एकटी एवढ्या डोंगराची नाचणी काढायची.

दिवाळी नुकतीच झाली होती, नाचणी कापून झालेली. सरांनी उतार मोजला, मला चार ठिकाणी गिरमिट फिरवायला लावलं, माती बघितली. माती खोल होती, तांबडी, चिकण. ते खूश झाले. उतार कापून पायऱ्या करायच्या, बांध घालायचे, म्हणजे पाणी अडेल आणि नाचणीऐवजी भात होईल. खात्यात याला मजगी म्हणतात. अशा कामाला यंत्र द्यायची योजना होतीच.

आजी बाजूला उभ्या होत्या. त्यांनी सरांना नाही, मला सांगितलं. त्यांना एवढ्यात कळलं होतं कुणाशी बोलायचं ते.

"बाय, हिथं पानी अडवायचं नाय. ह्यो डोंगर आषाढात आतून पाझरतो. पानी आलं पायजे नि गेलं पायजे. माझी सासू हिथं बांध घालू देत नसं. ती बघ चरी, दर साली मी मोकळ्या करते."

मी बघितलं. उतारावर तिरक्या, बारीक चरी होत्या, पाणी बाजूच्या ओहोळात काढून देणाऱ्या. सुंदर काम होतं. मी सरांना म्हटलं, "सर, त्या म्हणतायत की—"

"ऐकलं मी," सर म्हणाले. "सासू." आणि वर्ग सांगितला. "वर्ग दोन, पायऱ्या पाडल्यास."

टॅबमध्ये शेऱ्याचा एक रकाना होता. मी त्यात लिहिलं, 'स्थानिकांच्या मते पाणी अडवणे धोक्याचे.' संध्याकाळी सरांनी दिवसाच्या नोंदी वाचल्या, नेहमीप्रमाणे शब्दन् शब्द, आणि बोट ठेवलं. "हे काय आहे?" मी म्हटलं, त्या बाईंचं म्हणणं. ते म्हणाले, "मत ही मोजायची गोष्ट नाही. काढा." मी काढलं. वाद घातला नाही. दोन शब्द बोलले असते तर त्यांनी ऐकलं नसतं, पण निदान मी बोलले तरी असते. त्या वाडीतले आणखी अकरा उतारही त्याच आठवड्यात वर्ग दोन झाले, पायऱ्या पाडल्यास.

तळीयेची वाडी गाडून टाकणारी दरड आमच्याकडे कुणी विसरलेलं नाही. सरांना त्याबद्दल बोललं की ते म्हणायचे, "तो वेगळा डोंगर." डोंगर वेगळाच होता. पण भीती वेगळी नव्हती, आणि त्या भीतीत थोडं ज्ञानही होतं. भीतीला त्यांच्या वहीत रंग नव्हता.

मे महिन्यात यंत्र वर चढलं. आजींच्या मुलांनी मुंबईहून फोनवर हो म्हटलं होतं, सरकार फुकट करून देतंय तर का नको. पहिल्यांदा आजींचाच उतार कापला. पाच पायऱ्या, सरळ, आखल्यासारख्या. सरांनी जाऊन फोटो काढला. त्यांनी काढलेला तेवढा एकच फोटो मी बघितलाय. बाकीचे अकरा तुकडे पावसाळ्यानंतर करायचे ठरलं.

आषाढात, सकाळी, वरचा बांध फुटला. एका पायरीचं पाणी दुसरीवर, दुसरीचं तिसरीवर, आणि मग पायऱ्या राहिल्याच नाहीत, सगळा उतार चिखल होऊन खालच्या खाचरांवर आला. खाली आठ बायका लावणी करत होत्या, आजीही त्यांत होत्या. न्याहारीला म्हणून त्या पलीकडच्या पडवीत जाऊन बसल्या होत्या, भाकरी सोडत होत्या. त्यांच्यातली एक मला नंतर म्हणाली, "आवाज असा आला, जशी कुणी गोणी ओढतंय. बघतो तर आमची लावनी नाय, खाचर नाय, कायच नाय." दहा मिनिटं आधी त्या तिथे वाकलेल्या होत्या. भाकरी म्हणून वाचल्या.

आम्ही चार दिवसांनी पोचलो. जिथे नाचणी व्हायची तिथे कातळ उघडा पडला होता, धुतल्यासारखा. सरांनी त्यावर बूट घासून बघितला. मग खाली उतरून ढिगाऱ्यातला बांधाचा तुकडा शोधला आणि दाखवला. "बघा. निचऱ्याचं तोंड ठेवलेलं नाही. काम चुकीचं झालं. वर्ग बरोबर होता."

वाडीतली माणसं ऐकत होती. आजी पुढे आल्या. मला वाटलं शिव्या देतील, आणि खरं सांगायचं तर मला त्या ऐकायच्या होत्या.

"सायेब," त्या म्हणाल्या, "तुमी आमच्यात कुनाचा चा पन घेतला नाय. घेतला असतात तर जरा बसला असतात."

सर म्हणाले, "नियम आहे बाई."

आजींनी मान हलवली, जणू हेच उत्तर येणार होतं, आणि बायकांना घेऊन खाली गेल्या. उरलेलं आवण, भाताची रोपं, कुणाच्या खाचरात तरी लावायचं होतं.

गाडीत मी पहिल्यांदा आवाज चढवला. म्हटलं, सर, बाकीच्या अकरांचा वर्ग बदला. दसऱ्यानंतर यंत्र परत येणार आहे. ते शांतपणे म्हणाले, "एका कंत्राटदाराने बांध चुकवला म्हणून माती बदलत नाही. निचरा नीट ठेवला की तिथे भात होतो."

"आणि नाही ठेवला तर?"

"तो माझा विषय नाही."

एवढं म्हणून त्यांनी डबा उघडला. मी बाहेर बघत राहिले. वीरच्या मालकाला त्यांनी ज्या आवाजात 'वर्ग एक' म्हटलं होतं तोच हा आवाज. दोन वर्षं मी ज्याला निष्ठा समजत होते, ती निष्ठा कुणावरही नव्हती. ना मातीवर, ना भातावर. एकदा तोंडातून निघालेल्या आकड्यावर होती.

मग मी ते केलं. ऑफिसमध्ये, भर दुपारी, टॅब उघडून अकरा नोंदी एकेक करून बदलल्या. वर्ग दोनचा वर्ग चार. नाव त्यांचंच राहिलं, कारण तज्ज्ञ म्हणून दुसरं नाव त्या रकान्यात जातच नव्हतं. ही सरळ सरळ खोटी नोंद होती आणि अशी खोटी नोंद मागणाऱ्या माणसाला मी वीरला तुच्छ मानलं होतं. यादी वर गेली.

अंतिम यादी छापून आली तेव्हा ती कुणीच वाचली नाही. सरांनी वाचली. शेकडो ओळी, पट्टी खाली सरकवत. तिसऱ्या दिवशी मला समोर बसवलं.

"या अकरा नोंदी माझ्या नाहीत."

"नाहीत सर."

"कुणी सांगितलं बदलायला?"

"कुणी नाही."

"पैसे?"

मी हसले. त्यांना खरंच दुसरं कारण सुचत नव्हतं. जगात कुठलाही वर्ग बदलतो तो दोनच कारणांनी, असं त्यांचं गणित होतं, एक तर माती, नाही तर पैसा. मी म्हटलं, "त्या बायका भाकरी खायला उठल्या म्हणून वाचल्या, सर. तुमच्या वर्गामुळे नाही."

ते बराच वेळ माझ्याकडे बघत राहिले. रंग जुळतोय का बघावं तसे. मग कागद ओढून त्यांनी माझ्याविरुद्ध तक्रार लिहिली. तिथेच, माझ्यासमोर, वळणदार अक्षरात, एकही खोटा शब्द न घालता. प्रत काढून मला दिली. म्हणाले, "तुम्हाला न सांगता पाठवणं योग्य नव्हतं." याला काय म्हणायचं मला अजून कळलेलं नाही. माझं काम त्या महिन्यात गेलं.

नोंदी पूर्ववत कराव्यात असंही त्यांनी लिहिलं होतं. पण त्यासाठी कुणीतरी पुन्हा वर चढून पाहणी करायला हवी, पत्र एका टेबलावरून दुसऱ्यावर जायला हवं, आणि तोवर योजनेची मुदत संपली. यंत्र दुसऱ्या तालुक्यात गेलं. ते अकरा उतार माझ्या धाडसाने वाचले असं मी कुणाला सांगत नाही. ते आळसाने वाचले. मी फक्त आळसाला योग्य बाजूला ढकललं.

आता मी महाडला बियाण्यांच्या दुकानात बसते. गेल्या पावसाळ्यानंतर मावशीला गाडीत बसवायला वीरला गेले, तर फलाटावर बाकावर सर. तोच शर्ट, गळ्यापर्यंत. पाठ वाकलेली. पनवेलला मुलीकडे कायमचे चालले होते. त्यांनी मला ओळखलं आणि कसं चाललंय वगैरे काही न विचारता म्हणाले,

"त्या अकरा नोंदी अजून तशाच आहेत. मी दोनदा पत्र टाकलं."

"तिथे यंदा नाचणी आली, सर. मी बघून आले."

"उतारावरच?"

"उतारावरच."

"म्हणजे उत्पादन कमी." त्यांनी थोडा विचार केला. "आणि ती बाई, जिचा उतार गेला?"

त्यांनी विचारलं याचं मला इतकं आश्चर्य वाटलं की मी जरा मऊ झाले. म्हटलं, "आहेत. दुसऱ्यांच्या शेतावर जातात लावणीला. मुलगे मुंबईला या म्हणतात, त्या जात नाहीत."

"नाही, म्हणजे तिच्या जमिनीचं विचारतोय. तिथे नोंद दोनच राहिलीय की बदलली कुणी?"

मी त्यांच्याकडे बघितलं. त्यांच्या चेहऱ्यावर खरी काळजी होती.

"दोनच आहे," मी म्हटलं. "कातळावर वर्ग दोन."

"ते मात्र दुरुस्त करायला हवं," सर म्हणाले. "आता ती चार आहे."

गाडी आली. मावशीला मी डब्यात चढवलं, तिची पिशवी वर ठेवली. मागे वळले तर सर दोन डब्यांपलीकडे, एका हातात वळकटी आणि दुसऱ्या हातात जड ट्रंक, पायरीवर पाय टेकायला धडपडत होते. मधे दहा-बारा पावलं होती आणि गाडी तिथे दोन मिनिटं थांबते. मी घड्याळाच्या खांबाशी उभी राहून बघत राहिले. शेवटी आतून कुणीतरी हात दिला आणि ते चढले.

मी हात द्यायला गेले असते तर चाललं असतं. पण गेले नाही, आणि अजून तरी त्याचं वाईट वाटलेलं नाही.